समुद्राच्या तळाशी थांबलेली जहाजे

काळ्या समुद्राच्या तळाशी उस्मानी काळातले एक जहाज आहे. त्याच्या डेकवर दोन मोठे खांब आहेत आणि खांबांच्या माथ्यावर सुताराने फुलाच्या पाकळ्या कोरल्या आहेत. २०१६ मध्ये ते जगासमोर आले तेव्हा संशोधकांनी त्याला ‘काळ्या समुद्राचे फूल’ असे नाव दिले. त्याचे मूळ नाव काय होते, मालक कोण, तांडेल कोण, हे सांगणारे त्याच्याबरोबर कुणी परत आले नाही.

मालवाहू जहाजावर एवढी नक्षी कशासाठी, असे काहींना वाटेल. पण आपल्या कोकणच्या बंदरांत ज्यांनी होडीची नाळ हौसेने रंगवताना पाहिली आहे त्यांना हा प्रश्न पडणार नाही. ज्या लाकडावर माणूस महिनोन्‌महिने राहतो, झोपतो, नमाज अदा करतो, ते त्याला घराइतकेच जवळचे होते.

या जहाजापर्यंत कुणी पाणबुड्या हात लावायला गेलेला नाही. पाठीवर हवेची टाकी बांधून हौशी पाणबुडे साधारण चाळीस मीटरपर्यंत उतरतात. काळ्या समुद्रात जी जहाजे सापडली आहेत त्यांतली काही शेकडो मीटर खाली आहेत आणि एक तर दोन किलोमीटरहूनही खोल. तिथे ऐकायचे काम सोनार करतो आणि पाहायचे काम रोबो.

आधी ऐकण्याचे पाहू. पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग फार थोडा. सूर्यप्रकाश दोनशे मीटरच्या आसपास जवळजवळ संपतो. जीपीएसच्या रेडिओ लहरी पाण्यात शिरल्या की लगेच विरून जातात. आवाज मात्र पाण्यात खुशाल धावतो. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. म्हणून आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत कधी येतो आणि किती जोराने येतो ते मोजायचे. घरातल्या स्त्रियांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. गरोदरपणी सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ दिसते ते याच रीतीने. आईच्या पोटात काय किंवा समुद्राच्या पोटात काय, जिथे नजर पोहोचत नाही तिथे प्रतिध्वनीवरून चित्र काढावे लागते.

पूर्वी खलाशी शिसाचे वजन बांधलेली दोरी खाली सोडून किती वाव पाणी आहे ते मोजत. ती दोरी एका वेळी एकच जागा सांगे. आज साध्या मासेमारी होडीवरही फिश फाइंडर असतो, पण तोही मुख्यतः होडीच्या खालचेच सांगतो. बुडालेले जहाज शोधायचे तर एवढ्याने भागत नाही. त्यासाठी साइड-स्कॅन सोनार वापरतात. टॉर्पेडोच्या आकाराचे एक यंत्र लांब तारेला बांधून जहाजामागे ओढत नेतात. ते तळापासून थोडे वर राहते आणि डावी-उजवीकडे पंख्यासारखा आवाज पसरवते. शेतकरी शेत नांगरतो तसे जहाज सरळ रेघेत जाते, वळते, पहिल्या रेघेला थोडी चाटून दुसरी रेघ धरते. दिवसामागून दिवस हेच चालते. पडद्यावर सरकणारे करडे चित्र पाहत बसणाऱ्याला झोप आवरणे हेच मोठे काम.

त्या चित्रात शोधायची असते ती सावली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जशी लांब सावली पडते तशीच तिरप्या आवाजाचीही पडते. एखादी वस्तू तळातून वर उठलेली असेल तर तिच्यामागे आवाज पोहोचत नाही आणि चित्रात काळी पट्टी उमटते. पट्टीच्या लांबीवरून उंची काढता येते. सपाट गाळावर होडीच्या आकाराचा ठिपका आणि त्यातून निघालेली लांब बारीक सावली दिसली, तर ती उभी डोलकाठी असू शकते. पण खडकाची धार, कुणाचे तुटून पडलेले जाळे, बोटीवरून घसरलेला कंटेनर, हे सगळेही अशाच सावल्या पाडतात.

शिवाय आवाजाचीही एक अडचण आहे. खालच्या पट्टीतला आवाज लांब जातो, पण चित्र ढोबळ देतो. वरच्या पट्टीतला आवाज बारकावे दाखवतो, पण लांब जात नाही. शेजारच्या गावात वरात निघाली की ढोल आपल्याला ऐकू येतो, सनई नाही, तसेच हे. त्यामुळे शोध टप्प्याटप्प्याने होतो. आधी वरून मोठ्या भागाचा ढोबळ नकाशा. त्यासाठी मल्टिबीम नावाचा सोनार असतो, तो एकाच वेळी शेकडो दिशांची खोली मोजतो. मग संशयाच्या जागी खाली उतरून बारीक आवाजाने पाहणी. गाळात गाडलेले काही असेल तर आणखी एक यंत्र असते, त्याचा आवाज चिखलात शिरून आतले थर दाखवतो. एवढे झाले की मगच रोबो.

रोबो म्हटल्यावर हातपाय असलेली बाहुली डोळ्यांसमोर आणू नका. हा म्हणजे लोखंडी चौकटीचा पेटारा. त्याला पंखे, दिवे, कॅमेरे, आणि कधी खेकड्याच्या नांगीसारखा हात. एका जाड केबलने तो वरच्या जहाजाला जोडलेला असतो. वीज खाली जाते, चित्र वर येते, आणि तो चालवणारा माणूस वर केबिनमध्ये चहाचा कप बाजूला ठेवून बसलेला असतो. दुसरी जात केबल नसलेल्या यंत्रांची. त्यांना आधी आखून दिलेला मार्ग ती आपली आपण फिरून येतात. जहाज सापडले की केबलचा रोबो त्याच्याभोवती हळूहळू फिरतो आणि एकमेकांवर चढणारी हजारो छायाचित्रे घेतो. संगणक ती जुळवून जहाजाची हुबेहूब त्रिमिती प्रतिकृती तयार करतो. मग संशोधक आपल्या टेबलाशी बसून ते जहाज फिरवून पाहू शकतो, फळी न्‌ फळी मोजू शकतो.

आता काळ्या समुद्राकडे वळू. न ढवळलेल्या सरबतात पाक तळाशी बसतो, तसे या समुद्राचे आहे. बोस्फोरसच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्राचे खारट, जड पाणी तळाने आत येते. वर डॅन्यूब, नीपर, डॉन या नद्यांचे हलके पाणी पसरते. दोन्ही थर मिसळत नाहीत. त्यामुळे साधारण दीडशे-दोनशे मीटरच्या खाली ऑक्सिजनच पोहोचत नाही. तिथल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड आहे, सडक्या अंड्याच्या वासाचा. मासा नाही, खेकडा नाही, आणि मुख्य म्हणजे लाकूड पोखरणारी ती समुद्री अळी नाही. इतर समुद्रांत बुडालेल्या लाकडी जहाजाचे काही वर्षांतच चाळण होऊन फक्त मातीची भांडी आणि नांगर उरतात. इथे अख्खे जहाज टिकते. विलर्ड बास्कम या अमेरिकन अभियंत्याने १९७०च्या दशकातच लिहून ठेवले होते की जुनी लाकडी जहाजे शोधायची तर काळ्या समुद्राच्या खोल पाण्यात शोधावीत. पण तेव्हा तिथवर जाणारी यंत्रे हाताशी नव्हती.

२००० मध्ये रॉबर्ट बॅलार्ड तिथे पोहोचले. ‘टायटॅनिक’ शोधणारे तेच हे बॅलार्ड. तुर्कस्तानच्या सिनोप बंदरासमोर सुमारे ३२० मीटर खोलीवर त्यांना बायझंटाइन काळातले जहाज मिळाले. डोलकाठी उभीच्या उभी! खरे तर ते काही वेगळेच शोधायला निघाले होते. सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचे पाणी काळ्या समुद्रात एकाएकी घुसले असावे, असा तर्क दोन अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी मांडला होता आणि वर्तमानपत्रांनी लगेच त्याची सांगड हजरत नूह (अ.) यांच्या तुफानाशी घातली होती. पुढे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या जॉन अ‍ॅडम्स यांच्या नेतृत्वाखाली आणि बल्गेरियाच्या संशोधकांसह २०१५ ते २०१७ मध्ये मोठी मोहीम झाली. तिचा उद्देशही हिमयुगानंतर पाणी कसे चढले हे तपासण्याचाच होता. पाणी हळूहळू चढले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या घाईने जोडलेल्या सांगडीला माझ्या मते सुरुवातीपासूनच अर्थ नव्हता. आपला ईमान रोबोच्या कॅमेऱ्याची वाट पाहत थांबलेला नाही, आणि भूशास्त्रालाही आपले काम आपल्या रीतीने करू द्यावे.

पण जहाजे! पाण्याचा इतिहास शोधता शोधता या मोहिमेला साठहून अधिक बुडालेली जहाजे मिळाली. ग्रीक, रोमन, बायझंटाइन, इटलीच्या व्यापाऱ्यांचे मध्ययुगीन, उस्मानी. अडीच हजार वर्षांची रहदारी एका तळावर. कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये उस्मानींच्या हाती आले आणि पुढे तीनशे वर्षे हा समुद्र जणू त्यांच्या अंगणातला तलाव होता. इस्तंबूलच्या भट्ट्यांत भाजल्या जाणाऱ्या रोटीचा गहू याच वाटेने यायचा. इतिहासाच्या पुस्तकात सुलतान असतात, लढाया असतात. ही रोटी कुणी वाहून आणली ते या तळावर लिहिलेले आहे. एका उस्मानी जहाजाच्या डेकवर दोरखंडाचे वेटोळे तसेच पडून होते, जणू खलाशी आताच ठेवून जेवायला गेला.

सर्वांत जुने जहाज ग्रीकांचे निघाले. २०१८ मध्ये त्याची घोषणा झाली. लांबी सुमारे २३ मीटर, खोली दोन किलोमीटरहून अधिक, वय सुमारे २४०० वर्षे. डोलकाठी, सुकाणू, वल्हेकऱ्यांची बाके, सगळे जागच्या जागी. ब्रिटिश म्युझियममध्ये एक ग्रीक कुंभ आहे, त्यावर अशाच जहाजाचे चित्र आहे. आजवर विद्वान त्या चित्रावरून जहाजाचा अंदाज बांधत होते. आता जहाजावरून चित्र तपासता आले. आणि एवढे मोठे घबाड सापडल्यावर त्यांनी काय केले? वय ठरवण्यासाठी लाकडाचा एक छोटा तुकडा घेतला. बाकी सगळे होते तसेच सोडून दिले.

अनेकांना हे पटत नाही. एवढा खर्च केला आणि काहीच वर आणले नाही? मला मात्र या सगळ्या यंत्रांची खरी कमाई हीच वाटते. पूर्वी पाहायचे तर उचलावे लागे. आता न उचलता पाहता येते. हजारो वर्षे ऑक्सिजनविना राहिलेले लाकूड वर आणले की त्याला वर्षानुवर्षे रसायनांत भिजवून जपावे लागते, नाहीतर ते आकसून भुगा होते. युनेस्कोच्या २००१च्या करारातही हेच सांगितले आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेला वारसा आधी आहे त्या जागीच जपण्याचा विचार करावा, आणि त्याचा बाजार मांडू नये.

यात आणखीही एक गोष्ट आहे, ती करारात नाही. बुडालेले जहाज ही नुसती वस्तू नसते. पाण्यात बुडून मरण आलेल्याला शहीदाचा दर्जा असल्याचे हदीसमध्ये आले आहे. कफन नाही, जनाजा नाही, कब्रीवर नाव नाही. आपल्यापैकी कोकणातल्या किती घरांतले बाप-भाऊ मुंबईच्या गोदीतून जहाजावर चढले आणि पगाराच्या मनिऑर्डरीआधी त्यांची खुशाली यावी म्हणून घरच्यांनी हात उठवून दुआ मागितली! ‘फूल’ जहाजावरच्या माणसांचीही कुठे तरी वाट पाहिली गेली असणारच. तळावर दिवा घेऊन जाणाऱ्या यंत्राने आपण कुठे आलो आहोत हे विसरू नये, एवढे तरी मागणे आहे.

अर्थात जागच्या जागी सोडले म्हणजे सुरक्षित राहिले असे नाही. तुर्कस्तानच्याच एरेगली बंदराजवळ बॅलार्ड यांच्या चमूला २०११ मध्ये ग्रीक काळातले एक जहाज मिळाले. तिथे माणसाची हाडेही दिसली. हे जहाज कमी खोलीवर होते. पुढच्या वर्षी चमू परत गेला तेव्हा ट्रॉलरची जाळी त्यावरून फिरून गेलेली होती आणि मोडतोड झाली होती. तळ खरवडत जाणारे जाळे दोन हजार वर्षांचे रांजण आणि दगड यांत फरक करत नाही. मच्छीमाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याला खाली काय आहे ते कुणी सांगितलेच नव्हते. सोनारचा नकाशा इथे कामी येऊ शकतो. जागा माहीत असेल तर निदान तिथे जाळे टाकू नका असे सांगता येते.

असा प्रयत्न २०२२ मध्ये झाला. ट्युनिशिया आणि सिसिली यांच्या मधल्या स्केरकी बँक या उथळ, खडकाळ भागात आठ देशांचे शास्त्रज्ञ युनेस्कोच्या मोहिमेत एकत्र गेले. अल्जेरिया, इजिप्त, मोरोक्को, ट्युनिशिया आणि त्यांच्याबरोबर फ्रान्स, इटली, स्पेन, क्रोएशिया. जहाज फ्रान्सचे, रोबोही त्यांचेच. त्यांतला ‘आर्थर’ अडीच हजार मीटरपर्यंत उतरू शकतो. आधी माहीत असलेली रोमन जहाजे त्यांनी पुन्हा पाहिली, नोंदवली, आणि ट्युनिशियाच्या बाजूला तीन नवी शोधली. इथून पूर्वी एका देशाने येऊन वस्तू उचलून नेल्या होत्या. या खेपेला किनाऱ्यावरचे देश स्वतः पडद्यासमोर बसले होते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे हे काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केले आहे. गोव्याजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातले पोर्तुगीज जहाज आपटून फुटले होते. तिथे हस्तिदंत, तोफा आणि चिनी मातीची भांडी मिळाली. पण तिथे पाणी अगदी उथळ, लाटा सतत आपटणाऱ्या, त्यामुळे रोबोपेक्षा पाणबुड्यांचाच भरवसा.

आता ज्या जहाजाचे नाव आपल्या घराघरांत माहीत असायला हवे ते सांगतो. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रकाकडी गोळा करणाऱ्या पाणबुड्यांना तळावर भांड्यांचा ढीग दिसला. खोली जेमतेम सोळा-सतरा मीटर, म्हणजे ना सोनार लागला ना रोबो. जहाज अरबी बांधणीचे निघाले. त्याला एकही खिळा नाही, फळ्या दोरीने शिवलेल्या. लाकूड तपासले तर फळ्या आफ्रिकेतल्या झाडाच्या आणि काही तुळया सागाच्या. माल चीनचा, सुमारे ६०,००० नग. एका वाडग्यावर चिनी तारीख होती, ती इसवी सन ८२६ ची. बगदादमध्ये तेव्हा खलिफा मामून यांची कारकीर्द होती. काही वाडग्यांवर अरबी अक्षरांची आठवण करून देणारी नक्षी आहे. चीनमधला कुंभार, त्याला अरबी येत नाही, पण गिऱ्हाईक कोण आहे ते पक्के ठाऊक!

शिवलेल्या फळ्यांवरून जहाज ओळखण्याची ही रीतही नवी नाही. दहाव्या शतकात इराणच्या सिराफ बंदरातले अबू जैद सिराफी यांनी लिहिले आहे की भूमध्य समुद्रात एका शिवलेल्या जहाजाच्या फळ्या वाहत आल्या. शाम आणि रूमची जहाजे खिळ्यांनी ठोकलेली असतात, शिवलेली जहाजे आपल्याकडचीच, तेव्हा हे दोन्ही समुद्र कुठे तरी जोडलेले असले पाहिजेत, असा तर्क त्यांनी केला. फुटक्या फळीवरून भूगोल! (अशी शिवण आपल्याही किनाऱ्यावर होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात शिवून बांधलेले ‘कौंडिन्य’ हे जहाज भारतीय नौदलाने २०२५ मध्ये ताफ्यात घेतले.)

बेलितुंगचा माल मात्र एका खासगी कंपनीने वर काढला. सरकारी परवाना होता, पण घाई होती. मधल्या काळात लुटारूही येऊन गेले. २००५ मध्ये हा संग्रह सुमारे ३.२ कोटी डॉलरना सिंगापूरसाठी विकत घेतला गेला. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने त्याचे प्रदर्शन ठरवले होते. पण व्यापारासाठी उपसलेला माल आम्ही मांडू नये, असा आक्षेप पुरातत्त्वज्ञांनी घेतला आणि ते आधी लांबणीवर पडले, मग रद्द झाले. दुसरी बाजूही खोटी नाही. उचलले नसते तर लुटारूंनी भांडे भांडे विकले असते. पण तेव्हा आजच्यासारखी छायाचित्रांवरून प्रतिकृती करण्याची सोय असती आणि सहा महिने धीर धरला असता, तर कुठल्या फळीशेजारी कुणाचा रांजण होता, खलाशी कुठे झोपत होते, हे कायमचे हातचे गेले नसते. साठ हजार भांड्यांपेक्षा मला ती माहिती मोलाची वाटते.

ओमानने पुढे त्याच जहाजाच्या मापावरून नवे जहाज बांधले, नारळाच्या काथ्याने शिवलेले. ‘ज्वेल ऑफ मस्कत’ हे त्याचे नाव. २०१० च्या फेब्रुवारीत ते मस्कतहून निघाले, कोचीला थांबले आणि जुलैत सिंगापूरला पोहोचले. शिवलेले जहाज भर समुद्रात टिकते की नाही, या प्रश्नाचे उत्तर पाच महिन्यांत मिळाले. मूळ जहाजावरचा माल तिथल्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये ठेवला आहे. वाचकांपैकी कुणाची मुले-नातवंडे सिंगापूरला असतील, तर भेटीला जाल तेव्हा एक दुपार त्यासाठी ठेवा. वाडग्यांच्या भिंतीसमोर उभे राहून अक्षरांसारखी नक्षी शोधायला मुलांना सांगा.